संगणक-जाळ्याची घरगुती प्रयोगशाळा

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांत एक नवाच प्रश्न उपस्थित होतो. घरांतील मुलगा अथवा मुलगी संगणक-जाळ्याचा, म्हणजे नेटवर्किंगचा, अभ्यास करूं लागते. आणि दोन महिने पुस्तक वाचून झाल्यावर एके संध्याकाळीं वडिलांपुढें एक यादी ठेवते. तींत तीन राउटर, तीन स्विच, तीं यंत्रें रचून ठेवण्यासाठीं एक लोखंडी मांडणी आणि एखादा जुना सर्व्हर असतो. यादीच्या तळाशीं जो आंकडा असतो तो मध्यम स्थितीच्या कुटुंबाला सहज सोसण्यासारखा नसतो. वडिलांना यादींतील एकहि नांव ओळखीचें नसतें. विक्रेत्याला सगळीं नांवें ओळखीचीं असतात, पण विद्यार्थ्याची गरज ओळखीची नसते. मग होतें असें कीं, एक तर खर्च झेपणार नाहीं म्हणून यादी बाजूला पडते व अभ्यास पुस्तकीच राहतो. किंवा सबंध यादी एकदम घरीं येते आणि सहा महिन्यांनीं पलंगाखालीं जाऊन पडते. पहिल्या प्रकारांत एका होतकरू जीवाचें वर्ष वायां जातें. दुसऱ्यांत घरची शिल्लक जाते, आणि विद्यार्थ्याच्या मनाला जें ओशाळेपण येतें तें निराळेंच. हे दोन्ही प्रकार टाळतां येण्यासारखे आहेत. मात्र त्यासाठीं साधनांचा विचार दुकानापासून न करतां अभ्यासापासून केला पाहिजे.

ज्यांना हा विषय अगदीं नवा आहे अशा श्रोत्यांसाठीं प्रथम दोन यंत्रांची ओळख करून देणें बरें. एखादा मोठा वाडा डोळ्यांपुढें आणावा. त्यांत वीस बिऱ्हाडें आहेत आणि एका बिऱ्हाडाची चिठ्ठी दुसऱ्या बिऱ्हाडांत नेऊन देणारा एक गडी आहे. कोणतें दार कोणाचें हें त्याला पक्कें ठाऊक असतें. पण वाड्याबाहेरचें जग त्याला ठाऊक नसतें. हा गडी म्हणजे स्विच. आतां चिठ्ठी परगांवीं जावयाची असेल तर ती टपालकचेरींत गेली पाहिजे. तेथील कारकून पत्त्यावरील गांव पाहतो आणि कोणत्या गाडीच्या थैलींत ती घालावयाची तें ठरवितो. हा कारकून म्हणजे राउटर. घरोघर इंटरनेटसाठीं जी एक लहानशी डबी भिंतीवर लटकत असते, तींत गडी आणि कारकून दोघेहि एकाच कोंदट खोलींत बसविलेले असतात. मोठ्या कचेरींत मात्र दोघांचीं खातीं स्वतंत्र असतात, आणि तीं चालवावीं कशीं हेंच विद्यार्थ्याला शिकावयाचें असतें.

हें शिक्षण घरीं कां व्हावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. बँकेच्या अथवा रुग्णालयाच्या जाळ्यांत एका ओळीची चूक झाली तर शेंकडों लोकांचें काम अडतें. तेथें नवशिक्याच्या हातीं सूत्रें कोणी देत नाहीं, आणि देऊंहि नयेत. मग त्यानें चुका करावयाच्या कोठें? ज्यानें कधीं जाळें बिघडविलें नाहीं त्याला तें दुरुस्त करतां येणार नाहीं. आणि या धंद्यांत दुरुस्तीचीच खरी किंमत असते. घरगुती प्रयोगशाळा म्हणजे मुद्दाम चुका करण्याची आणि त्या शोधून काढण्याची जागा. ही व्याख्या मनांत पक्की धरली म्हणजे साधनें निवडण्याची कसोटी आपोआप हातीं येते. ज्या यंत्रांत मांडणी बदलतां येते, बिघडवितां येते आणि बिघाडाचा परिणाम पाहतां येतो तें यंत्र उपयोगाचें; बाकीचीं कितीहि देखणीं असलीं तरी निरुपयोगी.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. या क्षेत्रांत प्रवेश करणारे पुष्कळ विद्यार्थी सिस्को कंपनीची 'सीसीएनए' ही परीक्षा देतात. १९९८ सालीं सुरू झालेल्या या परीक्षेचा २००-३०१ या क्रमांकाचा अभ्यासक्रम २४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. त्याचे सहा भाग आहेत आणि प्रत्येकाचें वजन कंपनीनें शेंकडेवारीनें दिलेलें आहे: नेटवर्कचीं मूलतत्त्वें २०, स्विच व व्हीलॅन इत्यादि प्रवेशव्यवस्था २०, मार्ग ठरविण्याची विद्या २५, पत्तेवाटपासारख्या सेवा १०, सुरक्षिततेचीं मूलतत्त्वें १५ आणि स्वयंचलन १०. पहिल्या तीन भागांची बेरीज ६५ होते. म्हणजे अभ्यासाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग स्विच आणि राउटर या दोन यंत्रांभोंवतीं फिरतो. सेवा आणि सुरक्षितता यांचे बहुतेक धडेहि त्याच यंत्रांवर गिरवितां येतात. आणि स्वयंचलनाला तर नुसता संगणक पुरतो. यादींतील प्रत्येक वस्तूपुढें ती यांपैकीं कोणत्या धड्यासाठीं हवी तें विद्यार्थ्यानें लिहावें. ज्या वस्तूपुढें कांहींच लिहितां येत नाहीं ती वस्तु खोडून टाकावी. एवढ्यानेंच यादी पुष्कळ आंखूड होते.

हें करतांना अभ्यासक्रमाचें पत्रक मात्र चालू वर्षाचें पाहिजे. २००-३०१ याच क्रमांकाखालीं २०२४ सालींहि कांहीं फेरफार झाले. बाजारांत परीक्षेच्या नांवानें जीं तयार गाठोडीं विकलीं जातात, त्यांतील कित्येक जुन्या अभ्यासक्रमांवरून बांधलेलीं असतात. त्यांत दोन राउटर एकमेकांना जोडणाऱ्या जाड सीरियल तारा व त्यांचीं कार्डें असतात. फ्रेम रिले नांवाची जी पद्धति शिकण्यासाठीं तीं एकेकाळीं लागत असत, ती आजच्या अभ्यासक्रमांत नाहीं. अशा गाठोड्यांत अर्धे पैसे अशाच वस्तूंचे पडतात.

पहिलें साधन बहुधा घरांत असतेंच, आणि तें म्हणजे संगणक. सिस्कोनें आपल्या नेटवर्किंग अकॅडमीमार्फत 'पॅकेट ट्रेसर' नांवाची आज्ञावलि फुकट उपलब्ध करून दिली आहे. तींत पडद्यावर राउटर मांडावे, तारा जोडाव्या, आज्ञा द्याव्या आणि चिठ्ठी कोणत्या मार्गानें गेली तें पावलोपावलीं पाहावें. साध्या संगणकावरहि ती चालते. परीक्षेच्या तयारीचा फार मोठा भाग या एका साधनावर, एक पैहि खर्च न करतां, पुरा होतो. तिची मर्यादा एवढीच कीं, ती नक्कल आहे. ज्या आज्ञा तिच्या कर्त्यांनीं तींत घातल्या तेवढ्याच तिला समजतात, आणि खऱ्या यंत्राचे लहरी स्वभाव तींत उमटत नाहींत. तिच्या पुढची पायरी म्हणजे 'जीएनएस-३' अथवा 'ईव्ही-एनजी'. यांत नक्कल नसून राउटरची खरी आज्ञाप्रणालीच संगणकाच्या पोटांत चालविली जाते. त्यासाठीं १६ जीबी स्मृति असलेला संगणक असावा हें बरें. मात्र ती आज्ञाप्रणाली कंपनीच्या मालकीची असते. ती कोठून तरी चोरून उतरवून घेणें हा अभ्यासाचा शुभारंभ नव्हे. सिस्कोचें स्वतःचें 'मॉडेलिंग लॅब्स' हें साधन आहे. मिक्रोटिक या लाटव्हियांतील कंपनीनेंहि आपल्या राउटरची आज्ञाप्रणाली संगणकावर चालविण्याजोग्या रूपांत दिली आहे. फुकट परवान्यांत तिचा वेग दर सेकंदास १ मेगाबिटपर्यंत बांधलेला असतो, पण शिकणाऱ्याला वेगाशीं काय करावयाचें आहे?

या सर्वांच्या जोडीला 'वायरशार्क' असावेंच. तारेवरून जाणारी प्रत्येक चिठ्ठी उघडून दाखविणारें हें फुकट साधन १९९८ सालीं 'इथेरियल' या नांवानें निघालें व २००६ मध्यें त्याचें नांव बदललें. पुस्तकांतील आकृति आणि तारेवरील वस्तुस्थिति यांची गांठ येथें पडते.

मग खरीं यंत्रें घ्यावींच कशाला? याचें उत्तर असें कीं, पडद्यावरची तार कधीं सैल होत नाहीं. ती उलट टोकाला लागत नाहीं, उंदीर ती कुरतडीत नाहीं. खऱ्या कामांत अनेक तक्रारींचें मूळ अशा क्षुल्लक गोष्टींतच सांपडतें. यंत्रावरील हिरवा दिवा केव्हां लागतो, केव्हां लुकलुकतो, केव्हां पिवळा पडतो. निळ्या चपट्या कन्सोल-तारेनें यंत्राशीं पहिलें संभाषण कसें सुरू होतें, आणि त्यासाठीं संगणकावर ९६०० चा वेग कां ठरवावा लागतो. कोणी अज्ञातानें ठेवलेला परवलीचा शब्द पुसून यंत्र पुन्हां ताब्यांत कसें घ्यावयाचें, हें सर्व हातांना शिकावें लागतें. सिस्कोच्या जुन्या राउटरवर यंत्र सुरू होत असतांनाच त्याला अडवून रजिस्टरचा अंक २१०२ ऐवजीं २१४२ करावा लागतो, म्हणजे तो जुनी मांडणी न वाचतांच उठतो. ही कृति पुस्तकांत चार ओळींत येते. पण पहिल्यांदा करतांना बहुतेकांना ती तीन-चार वेळां करावी लागते. म्हणून दोन स्विच आणि एक राउटर एवढीं खरीं यंत्रें घरांत असावीं. त्याहून अधिक जीं लागतील तीं पडद्यावर मांडतां येतात.

स्विच एक न घेतां दोन कां, हें सांगितलें पाहिजे. एका मोठ्या कचेरींतील हिशेबखातें आणि विक्रीखातें एकाच स्विचवर असूनहि एकमेकांपासून अलग ठेवतां येतात. या युक्तीला व्हीलॅन म्हणतात. दोन स्विचांमधील एकाच तारेवरून दोन्ही खात्यांच्या चिठ्ठ्या न्यावयाच्या तर प्रत्येक चिठ्ठीला ४ बाइटांची एक खूण लावतात. तींत खात्याच्या क्रमांकासाठीं १२ बिट असतात. म्हणून ४०९६ क्रमांक होतात, आणि त्यांतील दोन राखीव असल्यामुळें ४०९४ वापरतां येतात. एकच स्विच असेल तर हा धडा अपुराच राहतो. दुसरा धडा याहून मनोरंजक आहे. दोन स्विचांमध्यें एकाऐवजीं दोन तारा जोडाव्या. एक तुटली तरी दुसरी असावी हा हेतु चांगला. पण त्यांतून एक चक्र तयार होतें. राउटरमधून जाणाऱ्या चिठ्ठीवर आयुष्याचा आंकडा असतो, तो दर मुक्कामाला कमी होतो आणि शून्य झाल्यावर चिठ्ठी टाकून देतात. स्विचमधील चिठ्ठीला असा आंकडाच नाहीं. ती चक्रांत सांपडली कीं फिरतच राहते आणि क्षणांत सारें जाळें गुदमरतें. यावर राडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ मध्यें उपाय काढला. स्विच आपसांत विचारविनिमय करून जादा वाट स्वतःच बंद ठेवतात व गरज पडली कीं उघडतात. घरीं हा उपाय क्षणभर बंद करून पाहावा. सारे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकूं लागतात, आणि तार उपटतांच शांत होतात. हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें तो तो धडा जन्मभर विसरत नाहीं.

ही यंत्रें नवीं घेण्याची गरज नाहीं. कचेऱ्या यंत्रें बदलतात तेव्हां जुनीं बाजारांत येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड तर अशा मालासाठीं प्रसिद्धच आहे. सिस्कोचा २९६० जातीचा स्विच आणि १९४१ किंवा २९०१ क्रमांकाचा राउटर हे शिकण्यास पुरेसे आहेत. त्याहून जुना १८४१ स्वस्त मिळाला तर मूळ धड्यांना चालतो, पण त्याची आज्ञाप्रणाली १५.१ च्या पुढें जात नाहीं. घेतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, स्विच आज्ञा स्वीकारणारा, म्हणजे मॅनेज्ड, असला पाहिजे. दुकानांत स्वस्तांत मिळणारा साधा स्विच नुसता तारा जोडतो, त्याला कांहींच शिकवितां येत नाहीं. दुसरी, २९६० च्या नांवाच्या शेवटीं 'एल' हें अक्षर असलेलीं यंत्रें 'एस' असलेल्यांपेक्षां अधिक सोयींचीं असतात. तिसरी, दुकानांतच वीज जोडून यंत्र पुरतें उठतें कीं नाहीं आणि त्यांतील आज्ञाप्रणाली जागेवर आहे कीं पुसलेली आहे, तें पाहून घ्यावें. चौथी, परवलीचा शब्द ठाऊक नसणें हा दोष समजूं नये. उलट त्या कारणानें किंमत उतरत असेल तर घासाघीस करावी, कारण तो शब्द पुसणें हाच पहिला धडा होईल.

ज्यांना एवढेंहि जड वाटेल त्यांनीं मिक्रोटिकचा 'हेक्स' नांवाचा पांच तोंडांचा लहान राउटर पाहावा. तो तळहातावर मावतो, त्याला पंखा नाहीं, आणि मार्गनिश्चिति, व्हीलॅन, सुरक्षा हे सर्व धडे तो देतो. फक्त त्याची आज्ञांची भाषा सिस्कोची नव्हे. माळ्यावर जुना बिनतारी राउटर पडला असेल तर त्यावर 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मुक्त आज्ञाप्रणाली चढवितां येते कीं काय तें तिच्या यादींत शोधावें. चढली तर बिनतारी जाळ्याचे कांहीं प्रयोग फुकटांत होतात.

मोठ्या यंत्रांइतकेंच लक्ष लहान वस्तूंकडे द्यावें. कन्सोलची तार व ती आजच्या संगणकाला जोडणारा यूएसबीचा सांधा. तारेच्या टोकाला जोड बसविण्याचा चिमटा. तार तपासण्याची डबी. पांच-ई जातीची तार आणि मूठभर जोड, इतक्या वस्तु हव्यातच. तार शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण ती वांकवितांना लवकर तुटते आणि मग दोष यंत्राचा कीं तारेचा हें कळेनासें होतें. आठ बारीक तारांचा क्रम विद्यार्थ्यानें पाठ करावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दहा तारा स्वतः कराव्या. पहिल्या तीन बिघडतील, त्या फेंकूं नयेत. बिघाड शोधण्याच्या अभ्यासाला त्याच पुढें उपयोगी पडतात.

टाळावयाच्या वस्तूंत जुना मांडणीचा सर्व्हर पहिला. तो स्वस्त मिळतो हें खरें; पण त्याचे लहान पंखे इतक्या वेगानें फिरतात कीं, दोन खोल्यांच्या घरांत कोणाला झोंप लागणार नाहीं. विजेचा हिशेबहि पाहावा. समजा, असा सर्व्हर २५० वॅट खातो आणि अहोरात्र चालतो. दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८० युनिट झाले. उलट दोन स्विच व एक राउटर मिळून १०० वॅट धरले आणि ते रोज दोन तास चालविले, तर महिन्याला ६ युनिटच होतात. सर्व्हर एकदांच विकत घ्यावा लागतो, पण त्याचें बिल दर महिन्याला येतें.

आतां घरांतील इतर मंडळींच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रयोगशाळेचें जाळें आणि घरचें जाळें यांची गांठ पडूं देऊं नये. घरच्या राउटरकडे प्रत्येक यंत्राला पत्ता वांटून देण्याचें काम असतें. विद्यार्थ्यानें हाच धडा आपल्या राउटरवर गिरविला आणि चुकून त्याची एक तार घरच्या राउटरला जोडलेली राहिली, तर एकाच घरांत पत्ते वांटणारे दोन होतात. मग कोणाला खरा पत्ता मिळतो, कोणाला खोटा. वडिलांची कचेरीची बैठक मध्येंच तुटते, आजींचा परदेशांतील नातवाशीं चाललेला संवाद बंद पडतो, आणि प्रयोगशाळा घरांतून हद्दपार होते. यास्तव दोन्हींचे पत्ते निराळ्या मालिकेंतील ठेवावे. खासगी वापरासाठीं फेब्रुवारी १९९६ पासून पत्त्यांच्या तीन मालिका राखून ठेवलेल्या आहेत. घरोघरचे राउटर बहुधा १९२.१६८ नें सुरू होणारी मालिका वापरतात. प्रयोगशाळेनें १० नें सुरू होणारी घ्यावी. त्यानें पत्त्यांत घोंटाळा होत नाहीं आणि चूक झाल्यास ती पत्ता पाहतांच ओळखतां येते. पण खरा बंदोबस्त एकच, आणि तो म्हणजे मध्यें तार नसणें.

खरेदीचा क्रम यावरून सहज ठरतो. पहिले तीन महिने कांहींच घेऊं नये. पॅकेट ट्रेसर आणि एक जाड वही पुरे. या काळांत विद्यार्थ्याचा उत्साह टिकतो कीं नाहीं तेंहि कळतें. त्यानंतर तारा, चिमटा, कन्सोल आणि एक स्विच. तो पुरेसा पडत नाहीं असा धडा प्रत्यक्ष समोर येईल तेव्हां दुसरा स्विच व राउटर. वहींत प्रत्येक प्रयोगाची आकृति, दिलेल्या आज्ञा, झालेला बिघाड आणि सांपडलेलें कारण लिहावें. पुढें नोकरीसाठीं मुलाखतीस बसण्याची वेळ येईल तेव्हां यंत्रांची यादी कोणी विचारणार नाहीं. एखादा बिघाड कसा शोधला हें विचारतील, आणि त्याचें उत्तर त्या वहींत असेल.

या प्रयोगशाळेला घरांतील वडील माणसेंहि हातभार लावूं शकतात, आणि त्याला ज्ञानाची गरज नाहीं. विद्यार्थी बाहेर गेला असतांना आजोबांनीं अथवा आईनें एखादी तार काढून दुसऱ्या भोंकांत घालावी, किंवा चांगल्या तारेच्या जागीं ती बिघडलेली तार लावून ठेवावी, आणि स्वस्थ बसावें. परत आल्यावर मुलानें वा मुलीनें तो दोष किती वेळांत शोधला हें घड्याळाकडे पाहून लिहून ठेवावें. आरंभीं तास लागेल. तीन महिन्यांनीं दहा मिनिटांत काम होऊं लागलें कीं प्रयोगशाळेवरचा खर्च वसूल झाला असें खुशाल समजावें.